गुरांवर काम करणारा घोडा निवडताना वंशावळ किती बघायची?

टेक्सासात फोर्ट वर्थजवळ राहणाऱ्या एका मराठी माणसाचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं रेनिंगचे, म्हणजे स्वाराच्या हाताखाली गोल, गिरक्या आणि घसरत थांबणं या खेळाचे, धडे घेऊन झाले, आता त्याला गुरांचं काम जोडणाऱ्या ‘रेन्ड काउ हॉर्स’ या प्रकारात उतरायचंय आणि स्वतःचा पहिला घोडा घ्यायचाय. लिलावाच्या कॅटलॉगमधून क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीचे तीन घोडे बाजूला काढलेत. एक दोन वर्षांची घोडी, मेटॅलिक कॅट या नावाजलेल्या घोड्याची मुलगी, नुकतीच खोगिराखाली आलेली. दुसरा सात वर्षांचा खच्ची घोडा, हॅनकॉक वंशाचा, रँचवर गुरं हाकण्यात वाढलेला, स्पर्धेचा अनुभव नाही. तिसरी नऊ वर्षांची घोडी, शायनिंग स्पार्कची नात, हौशी स्वाराखाली स्पर्धा खेळलेली. ओळखीचे लोक म्हणतात, वंशावळ बघा आणि पहिली घ्या. तिच्या अंदाजित किमतीत बाकीचे दोघे मिळून येतात. काय करावं?

तुमचे स्नेही चुकीचं सांगत नाहीत, पण वेगळ्या गिऱ्हाइकाला द्यायचा सल्ला ते तुम्हाला देतायत. तिन्ही घोड्यांची वंशावळ आपापल्या जागी चांगलीच आहे. बघायचं ते हे, की वंशावळ बाजूला ठेवली तर त्या घोड्याबद्दल आपल्याला आणखी काय ठाऊक आहे. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराबद्दल काहीच ठाऊक नसतं, म्हणून आईबाप हाच एकमेव पुरावा. दोन वर्षांचं झालं की पाय, चाल, स्वभाव दिसायला लागतो; गायीसमोर उभं केलं तर आणखी थोडं कळतं. सात वर्षांच्या कामाच्या घोड्याने मात्र स्वतःच उत्तर देऊन टाकलेलं असतं. त्याचा आजोबा कोण, ही माहिती त्या वेळी जवळपास निरुपयोगी होते, कारण आजोबाकडून जे यायचं होतं ते एक तर आलंय आणि डोळ्यांना दिसतंय, नाही तर आलेलंच नाही. घोड्याची स्वतःची कामगिरी जितकी जास्त, तितकं कागदाचं वजन कमी. माझ्याकडे खरेदीआधी तपासायला येणाऱ्या प्रत्येक घोड्याला मी हाच एक नियम लावतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्हीच ठरवायच्या. पुढे पैदास करायची आहे का? असेल तर घोडीची वंशावळ ही तिच्या किमतीची हमी आहे. उद्या पाय गेला तरी पोटाला किंमत राहते. खच्ची घोड्याच्या बाबतीत ही हमी शून्य, त्याच्या बापाच्या नावाला दिलेला जादा पैसा परत येत नाही. दुसरं, रोज घोड्यावर कोण बसणार? दोन वर्षांचं जनावर तुम्ही स्वतः घडवू शकणार नाही. निदान दीड-दोन वर्षं ते ट्रेनरकडे राहील आणि त्याची फी महिन्याला हजार डॉलरच्या पुढे जाते. तिसरं, पहिल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठला क्लास, म्हणजे स्पर्धेतला गट, खेळणार?

हा तिसरा मुद्दा वंशावळीशी फार जवळून बांधलेला आहे. 1949 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आणि आज नॅशनल रेन्ड काउ हॉर्स असोसिएशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेच्या मोठ्या स्पर्धांत एकाच घोड्याला तीन वेगळी कामं करावी लागतात. हर्ड वर्कमध्ये अडीच मिनिटांत कळपातून गाय वेगळी काढून लगाम सैल सोडायचा आणि घोड्याने आपल्या बुद्धीने ती अडवायची. रेन वर्कमध्ये गोल, गिरक्या, घसरत थांबणं, सगळं स्वाराच्या हाताखाली. फेन्स वर्कमध्ये आधी आखाड्याच्या एका टोकाला गाय रोखून धरायची, ज्याला बॉक्सिंग म्हणतात. मग कुंपणालगत भरधाव पळवून तिला पुढे गाठून दोन्ही बाजूंना वळवायचं आणि शेवटी मोकळ्यात आणून दोन्ही दिशांना गोल फिरवायचं. पहिलं काम घोड्याने स्वतः विचार करण्याचं, दुसरं न करण्याचं, आणि तिसऱ्याला वेग, दम आणि धीर तिन्ही लागतं. नवख्या स्वारांच्या क्लासमध्ये बहुधा बॉक्सिंगच असतं, किंवा बॉक्सिंगला जोडून गाय थोडी हाकायची असते. म्हणजे सुरुवातीला तुम्हाला कुंपणालगत वाऱ्यासारखा पळणारा घोडा लागत नाही. गाय समोर असताना ज्याचं डोकं ठिकाणावर राहतं तो लागतो.

आता वंश. नुसत्या हर्ड वर्कसारख्या कामाची वेगळी स्पर्धा असते, ती कटिंग. कटिंगच्या बाजूचे घोडे, म्हणजे हाय ब्राउ कॅट, मेटॅलिक कॅट, पेप्टोबूनस्मॉल यांची मुलंबाळं, साधारण 14 ते 14.2 हातांची (घोडा मोजायचा हात चार इंचांचा, 14.2 म्हणजे चौदा हात दोन इंच), बुटकी, पुढून हलकी आणि गायीच्या हालचालीला कमालीची तत्पर. गुरांची जाण उपजतच असते. अडचण अशी की हीच तत्परता नवख्या पायाखाली त्रासाची ठरते. तोल सावरताना तुमची टाच चुकून लागली तरी घोडा हुकूम समजतो, आणि गाय वळल्यावर तो ज्या झटक्यात वळतो त्यात स्वार मागे राहतो. स्वार मागे राहिला की लगामाला लटकतो, लगाम ओढला गेला की घोडा गोंधळतो. सहा महिन्यांत चांगला घोडा बिघडतो तो याच साखळीने. रेनिंगच्या बाजूचे घोडे हाताखाली शांत आणि थांबायला सुंदर, पण काहींना गायीत रस कमी असतो आणि काही कुंपणावर वेगात कमी पडतात. शायनिंग स्पार्क हा 1989 चा, डॉक बारचा नातू. त्याची संतती रेनिंग आणि काउ हॉर्स अशा दोन्हीकडे चालली, म्हणून त्या नावाला या खेळात मान आहे. हॅनकॉक वंश ‘जो हॅनकॉक’ नावाच्या घोड्यापासून येतो; त्याची आई अर्धी पर्शरॉन, म्हणजे ओझं ओढणाऱ्या जातीची. त्यामुळे हाड जाड, पाय भक्कम, दोर टाकून बांधलेलं जनावर ओढायला जोर भरपूर. परिपक्व व्हायला वेळ घेतात आणि कोवळ्या वयात सकाळच्या थंडीत खोगीर चढवल्यावर पाठ वर काढून उसळण्याबद्दल त्यांचा लौकिक आहे. सात वर्षांचा, रोज कामाला जाणारा घोडा अजून उसळतो की नाही हे विचारायचं नसतं, सकाळी लवकर जाऊन बघायचं असतं.

हे सगळे कल आहेत. एकाच आईबापाची सख्खी भावंडं सरासरी निम्मीच जनुकं वाटून घेतात, म्हणून एक राष्ट्रीय विजेता आणि दुसरा पोरांना फिरवायला ठेवलेला, हे नेहमी घडतं. ‘खाण तशी माती’ हे खाणीबद्दल खरं असतं, प्रत्येक ढेकळाबद्दल नाही.

कॅटलॉगमधल्या जुन्या नावांनी दबून जाऊ नका. तुमच्या पहिल्या घोडीचंच उदाहरण घ्या. तिचा बाप मेटॅलिक कॅट, त्याचा बाप हाय ब्राउ कॅट, त्याची आई स्मार्ट लिटल लीनाची मुलगी, स्मार्ट लिटल लीनाचा बाप डॉक ओ’लीना, त्याचा बाप डॉक बार. या एका वाटेने डॉक बार सहाव्या पिढीत येतो, म्हणजे सरासरी चौसष्टावा भाग, दीड टक्क्याच्या आसपास. आणखी दोन-तीन वाटांनी तो येतच असेल, पण तो तर आज या खेळातल्या बहुतेक घोड्यांच्या मागे आहे. सगळ्यांकडे असलेली गोष्ट निवडीला उपयोगी पडत नाही. आईबाप प्रत्येकी निम्मे, आजीआजोबा सरासरी पाव. त्याच्या पलीकडचं मी वाचतो ते फक्त आजाराची जनुकं कुठून आली असतील हे बघायला.

डॉक बारची गोष्ट मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1956 चा हा घोडा शर्यतीसाठी जन्माला घातलेला आणि शर्यतीत एकूण 95 डॉलर मिळवून परतलेला. पुढे रूप-बांध्याच्या प्रदर्शनांत तो जिंकला. गुरांवर त्याचं नाव झालं ते कॅलिफोर्नियातल्या पायसिनेस इथे पोको टिव्हिओ या घोड्याच्या मुलींशी त्याचा जोड लागला तेव्हा. त्या घोड्या गुरांच्या कामातल्या होत्या. आजही कागदावर सगळे वरची ओळ, म्हणजे बापाची बाजू, आधी वाचतात. मी खालून वर वाचतो.

याला व्यवहारी कारण आहे. लोकप्रिय बापाची संतती शेकड्यांनी असते. त्याच्या मुलांनी मिळवलेल्या एकूण बक्षिसाचा आकडा प्रचंड दिसतो, पण तो किती मुलांत वाटला गेला, त्यातली किती कधीच आखाड्यात आली नाहीत, आणि त्यांना कुठल्या दर्जाच्या घोड्या आणि कुठले ट्रेनर मिळाले, हे त्या आकड्यात नसतं. शिवाय कटिंगची बक्षिसं मोठी असल्यामुळे कटिंगचा बाप नेहमी वरचढ दिसतो. काउ हॉर्समध्ये त्याची मुलं काय करतात हे वेगळं काढावं लागतं. आईचं पान त्या मानाने सरळ वाचता येतं. तिची तीन वर्षांवरची मुलं किती, त्यातली किती स्पर्धेत उतरली, कितींनी काही कमावलं, आणि ती एकाच बापाची की वेगवेगळ्या? चार वेगळ्या बापांपासून चार कामाची शिंगरं देणारी आई मला कुठल्याही मोठ्या नावापेक्षा मोलाची वाटते, कारण तिथे समान धागा तीच असतो. भ्रूण प्रत्यारोपणामुळे आता एका घोडीची एका वर्षात अनेक शिंगरं नोंदवता येतात, म्हणून ‘विजेत्याच्या आईचीच मुलगी’ हे वाक्य पूर्वीइतकं दुर्मिळ राहिलेलं नाही. टक्केवारी काढूनच बघा. आई तरुण असेल आणि मुलं अजून लहान असतील तर तो दोष नव्हे. मग तिची स्वतःची कामगिरी बघायची.

कॅटलॉगच्या पानावर एक युक्ती सर्रास असते. पहिल्या आईखाली (म्हणजे घोड्याच्या आईखाली) दोन ओळी आणि तिसऱ्या आईखाली (म्हणजे आईच्या बाजूच्या पणजीखाली) अर्धं पान, असं दिसलं की समजावं, जवळच्या नात्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘अमुक घराण्यातली’ या शब्दांचा अर्थही बहुतेक वेळा तोच.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा तपशील म्हणजे भावंडांनी पैसा कुठल्या क्लासमध्ये मिळवला. ओपनमधली कमाई म्हणजे व्यावसायिक ट्रेनरच्या हाताखालची. नॉन-प्रो, म्हणजे हौशी स्वारांच्या, आणि त्याखालच्या क्लासमधली कमाई म्हणजे आठवड्यातून चार वेळा, नोकरी सांभाळून बसणाऱ्या माणसाखालची. ज्या आईची दोन-तीन मुलं हौशी स्वारांखाली वर्षानुवर्षं चालली, तिच्या शिंगरांचा स्वभाव चुका पोटात घालणारा असण्याची शक्यता जास्त. नवख्या माणसासाठी वंशावळीतून काढता येण्यासारखं याहून मोलाचं काही मला माहीत नाही.

नातलगांत वारंवार जोड लावलेला घोडा दिसला तर काय समजायचं, असंही तुम्ही विचारलंय. दक्षिण टेक्सासच्या किंग रँचने ओल्ड सॉरेल या एका घोड्यावर असंच घराणं उभारलं. क्वार्टर हॉर्स संघटना 1940 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नोंदवहीत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या विम्पीचे आई आणि बाप दोघेही ओल्ड सॉरेलचीच मुलं होती. ते साधलं कारण रँचवर रोजच्या कामाची चाळणी होती; जे जनावर गुरांवर चालत नव्हतं ते पैदाशीत जात नव्हतं. अशा जोडीने चांगलं आणि वाईट दोन्ही पक्कं होतं, त्यामुळे चाळणी कुणी लावली होती हे कळल्याशिवाय कागदावर तेच नाव दोनदा असण्याला मी गुण मानत नाही.

आता ज्या कारणासाठी वंशावळ न चुकता बघितलीच पाहिजे ते. क्वार्टर हॉर्समध्ये जनुकीय आजारांच्या चाचण्यांची एक ठरलेली तपासणी आहे; त्यातले सहा आजार इथे सांगतो. आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट वीस-तीस केस पाठवले की होते. गुरांच्या घोड्यांत पहिलं नाव हर्डाचं. हा पोको बुएनो या घोड्याच्या वंशातून पसरलेला त्वचेचा आजार. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. घोडा दोन वर्षांचा होऊन खोगीर चढेपर्यंत कळत नाही, मग पाठीची कातडी सुटते, फाटते, भरत नाही. उपाय नाही. कटिंगच्या घोड्यांत एक प्रत बाळगणारे वाहक चौथ्या हिश्शाहून जास्त आढळले आहेत आणि हाय ब्राउ कॅट स्वतः वाहक होता. वाहक घोडा स्वतः निरोगी असतो, बसायला काही अडचण नाही. पण दोन वाहकांच्या जोडीत दर शिंगराला पंचवीस टक्के धोका, म्हणून पैदास करायची असेल तर समोरचा स्वच्छच हवा. जीबीईडी या दुसऱ्या आजाराचं गणितही तसंच, फक्त तिथे शिंगरू जन्माआधी किंवा जन्मल्यावर लवकरच दगावतं.

बाकीच्या चारांत एक प्रतही स्वाराला महागात पडू शकते. पीएसएसएम-1 मध्ये स्नायू आखडतात. पिष्टमय खाणं कमी, चरबीतून ऊर्जा आणि रोजचा व्यायाम यांवर बरेच घोडे चालतात, पण फक्त शनिवार-रविवारी बसणाऱ्याने असा घोडा घेऊ नये. एमएच असेल तर भूल देताना जिवावर बेतू शकतं, म्हणून पशुवैद्याला आधी ठाऊक असलं पाहिजे. एमवायएचएम हा रेनिंग आणि काउ हॉर्सच्या वंशांत दिसतो. संसर्गानंतर किंवा लसीनंतर काही दिवसांत पाठीवरचे आणि पुठ्ठ्यांवरचे स्नायू झपाट्याने झडतात. एक प्रत असलेला प्रत्येक घोडा आजारी पडतोच असं नाही, दोन प्रती असलेल्यांत आजार जास्त तीव्र असतो. सहावा हायपीपी, हाही स्नायूंचाच आजार, इम्प्रेसिव्ह या घोड्यापासून आलेला. प्रदर्शनांसाठी पोसलेल्या वंशांचा प्रश्न, गुरांच्या घोड्यांत क्वचित. तपासणीचा कागद प्रयोगशाळेचा, घोड्याच्या नोंदणी क्रमांकासह हवा. ‘बाप स्वच्छ आहे’ हे उत्तर अपुरं आहे, आई राहतेच.

मग तिघांचं काय? पहिल्या घोडीच्या किमतीतला मोठा भाग तिच्या शक्यतेचा आहे. ती शक्यता वसूल करायला फ्युचरिटी, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांची स्पर्धा, खेळणारा ट्रेनर लागतो आणि पैसा बुडाला तर सोसायची तयारी लागते. तुमच्याकडे आज यातलं काहीच नाही, म्हणून मी ती सोडून देईन. तिसरी घोडी माझी पहिली पसंती, कारण तुम्हाला जे करायचंय ते ती आधीच तुमच्यासारख्या माणसाखाली करतेय. वरून वंश असा की उतारवयात पैदाशीला ठेवता येईल. हॅनकॉक घोडा दुसरा, पण तो गायीवर नेमकं काय करतो हे बघून. रँचवर गुरं हाकणं आणि एका गायीला एका जागी रोखणं ही दोन कामं आहेत. पहिलं करणारे सगळे दुसरं करत नाहीत. शिकवता येतं, पण त्याचा खर्चही हिशेबात धरा.

बघायला जाल तेव्हा घोडा आधी आवारात पकडण्यापासून बघा. विकणाऱ्याने स्वतः खोगीर घालून स्वतः बसावं. मग तुम्ही आधी गायीशिवाय: मोठे वेगवान गोल, लहान संथ गोल, आणि वेगातून संथाकडे येताना घोडा लगामावर झोंबतो का ते पाहा. थांबणं, दहा फूट सरळ मागे घेणं, दोन्ही बाजूंना गिरकी. नंतर एक मंद गाय, दीड-दोन मिनिटं बॉक्सिंग. घोड्याचे कान आणि डोळे गायीवर आहेत का, वळताना तो मागच्या पायांवर बसतो की खांद्यावर पडतो, आणि तुम्ही उशीर केलात तर थांबतो की चिडतो? शेवटी गुरं समोर हलत असताना दोन मिनिटं नुसतं उभं करा. जो उभा राहत नाही तो तुमच्यासाठी नव्हे, बाप कुणीही असो. जमलं तर दुसऱ्या दिवशी, न तापवलेल्या घोड्यावर पुन्हा बसा. आणि खरेदीपूर्व तपासणीत पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना काढून ठेवा. गुंगीचं किंवा वेदनाशामक औषध दिल्याचा संशय नंतर आला तर तोच पुरावा असतो.

नऊ वर्षांच्या, स्पर्धा खेळलेल्या घोडीच्या मागच्या पायांचे हॉक आणि स्टायफल सांधे, आणि पुढच्या खुरांचे एक्स-रे काढल्याशिवाय बोली लावू नका. हॉकमध्ये सांधेदुखीची इंजेक्शनं कधीपासून, कशाची आणि किती महिन्यांच्या अंतराने दिली जातात हे विकणाऱ्याला लेखी विचारा. वर्षातून एकदा असेल तर या वयात आणि या कामात मी घाबरत नाही. अंतर कमी होत चाललं असेल, आधी बारा महिने, मग आठ, मग पाच, तर ती सोडा आणि दुसऱ्या घोड्याकडे वळा.